व्हिडिओतला आवाज आणि ‘लॉसलेस’चा अर्थ

(जालना येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. त्यामुळे मी फाइल, फॉरमॅट आणि कन्व्हर्टर यांवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. (हशा) पण हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. तो माझ्या घरातून आला, आणि त्यात माझी जी फजिती झाली ती आधी सांगतो. कारण तीच चूक इथं बसलेल्या बऱ्याच जणांनी केली असेल, नाहीतर उद्या करतील.

2008 साली भोकरदन तालुक्यात आमच्या भाचीचं लग्न होतं. हळद दळायला जातं मांडलं. एका बाजूला माझी आई, समोर मावशी. दोघींनी खुंटा धरला आणि ओव्या सुरू झाल्या. भाच्याकडं नवा मोबाइल होता, त्यानं चार मिनिटांचं चित्रीकरण केलं. 2011 साली आई गेली. तिच्या गळ्याचा आमच्याकडं उरलेला पुरावा तेवढाच, चार मिनिटांचा. पुढं ती चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडं फिरत राहिली आणि तशीच एक प्रत माझ्या फोनवर आली.

दोन वर्षांपूर्वी मला वाटलं, यातला नुसता आवाज वेगळा काढावा आणि चांगल्या प्रतीत ठेवावा. नेटवर शोधलं. ‘व्हिडिओ टाका, लॉसलेस ऑडिओ मिळवा, मोफत’ असं सांगणारी पन्नास पानं निघाली. लॉसलेस म्हणजे काहीही न गमावलेलं. मला तेच तर हवं होतं! एका ठिकाणी फाइल चढवली, ‘वेव्ह’ हा पर्याय निवडला. चढवलेली चित्रफीत पाच-सहा एमबीची होती, उतरून आलेला नुसता आवाज 46 एमबीचा. मी खूश. एवढी जड फाइल म्हणजे आईचा आवाज नक्की सुधारला असणार. कानाला लावलं, तर आवाज होता तसाच. तीच खरखर, तेच बुडबुडे.

नात अभियांत्रिकी शिकते. ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही वरणात पाणी घातलंत. पातेलं भरलं, डाळ तेवढीच राहिली.”

आजचं व्याख्यान म्हणजे या एका वाक्यावरचं भाष्य समजा.

आवाजाचे आकडे

आवाज म्हणजे हवेतली थरथर. यंत्र ती थरथर एका सेकंदात हजारो वेळा मोजतं आणि दरवेळी एक आकडा लिहून ठेवतं. माणसाचा कान, तरुणपणी बरं का, आपला नव्हे, (हशा) सेकंदाला साधारण 20 ते 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो. जे कंपन पकडायचं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, असा गणिताचा नियम आहे. म्हणून सीडीवर सेकंदाला 44,100 वेळा मोजतात आणि व्हिडिओत बहुधा 48,000 वेळा. प्रत्येक मोजमाप 16 बिटांत लिहिलं तर 65,536 पायऱ्या मिळतात. डावा आणि उजवा असे दोन आवाज धरले, तर 48,000च्या हिशेबानं मिनिटाला साडेअकरा एमबी होतात आणि तासाला सुमारे 690 एमबी. माझ्या चार मिनिटांचे 46 एमबी कुठून आले ते आता कळलं ना? तो नुसता वह्यांचा आकार होता. वहीत काय लिहिलंय याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

एवढे आकडे नेटवरून पाठवणं महाग पडतं, म्हणून ते आटोपशीर करतात. आटोपशीर करण्याच्या दोन रीती आहेत आणि सगळा विषय या दोन रीतींतल्या फरकात आहे.

दुधाचा हिशेब

आपल्याकडं दुधाचा हिशेब कॅलेंडरवर असतो. रोज दोन लिटरचा रतीब. म्हणून रोजच्या चौकोनात कुणी ‘दोन, दोन, दोन’ लिहीत बसत नाही. खाडा झाला किंवा पाहुणे आले म्हणून जास्त घेतलं, तेवढंच टिपतो. महिनाअखेर त्या चार खुणांवरून एकतीस दिवसांचा हिशेब तंतोतंत मांडता येतो. लिहिलं थोडं, पण हरवलं काहीच नाही. ही झाली लॉसलेस रीत. ‘फ्लॅक’ नावाचं जे स्वरूप आहे ते असंच चालतं. आधीच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकला तर तेवढा फरक लिहायचा. फाइल साधारण अर्ध्यावर येते, उलगडली की प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत. जॉश कोल्सन या गृहस्थांनी ते तयार केलं, 2001 साली त्याची पहिली पक्की आवृत्ती आली आणि ते सर्वांना मोफत खुलं आहे. अ‍ॅपलचं ‘अलॅक’ याच जातीचं. ‘वेव्ह’ 1991 सालचं. त्यात आकडे सहसा आटोपशीर न करता सरळ लिहिलेले असतात.

दुसरी रीत म्हणजे महिनाअखेर ‘साठेक लिटर झालं असेल’ असं म्हणून पैसे देणं. व्यवहार चालतो, पण कोणत्या दिवशी किती घेतलं ते कायमचं गेलं. एमपी3, एएसी, ओपस ही या रीतीची. ती आंधळेपणानं टाकून देत नाहीत, हेही सांगायला हवं. पंगतीत कुणी मोठ्यानं ‘वाढा’ म्हणालं की त्या क्षणी शेजारची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. मग ती कुजबुज जपायची कशाला, असा हा हिशेब. कानाचा अभ्यास करून, जे बहुधा ऐकू जाणार नाही ते गाळलं जातं. तासाभराचं भाषण 690 एमबीवरून 58 एमबीवर येतं आणि ऐकणाऱ्याला फरकही जाणवत नाही. उत्तम सोय आहे. फक्त गाळलेलं परत मिळत नाही.

डबा आणि भाजी

आता व्हिडिओ. एमपी4, थ्रीजीपी, एमकेव्ही ही नावं डब्यांची आहेत. डब्यात एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज. डब्यावरून आत कोणती भाजी आहे ते कळत नाही. मोबाइलवर घेतलेल्या एमपी4 व्हिडिओत आवाज बहुतेक वेळा एएसी असतो, म्हणजे आधीच गाळलेला. त्याचं फ्लॅक किंवा वेव्ह केलं की गाळून उरलेलं आहे तेवढं इमानेइतबारे जपलं जातं. लॉसलेस या शब्दाचं वचन पुढच्या काळाबद्दल आहे: आता इथून पुढं काही जाणार नाही. मागं काय गेलं त्याबद्दल तो शब्द काही बोलत नाही.

इथं माझी चूक तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगतो. शब्दाबद्दल आपल्याकडं जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात शब्द नित्य आहे, उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिक म्हणतात शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. मी वर्गात तीस वर्षं दोन्ही बाजू समतोलपणे शिकवल्या, पण फाइल चढवताना मी नकळत मीमांसक झालो होतो. मला वाटत होतं, आईचा खरा आवाज त्या फाइलच्या पोटात कुठंतरी अखंड आहे आणि चांगला कन्व्हर्टर मिळाला की तो प्रकट होईल. फाइलच्या बाबतीत नैयायिक बरोबर निघाले. जे नष्ट झालं ते झालं.

मग व्हिडिओतून लॉसलेस आवाज काढायचाच नाही का? काढायचा, पण कारण असेल तेव्हा. पहिलं कारण, आवाजावर काम करायचं असेल तर. खरखर कमी करायची, खोकला कापायचा, आवाज वाढवायचा. अशा वेळी दर खेपेला एमपी3मध्ये साठवलं की झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असं होत जातं. कामाची प्रत वेव्ह किंवा फ्लॅक ठेवली की ही झीज थांबते. दुसरं कारण, मूळ आवाजच न गाळलेला असेल तर. काही व्यावसायिक कॅमेरे तसा आवाज नोंदवतात. आणि नुसता आवाज वेगळा हवा असेल, दुसरं काही करायचं नसेल, तर रूपांतराची गरजच नाही. आवाजाचा कप्पा जसाच्या तसा उचलून दुसऱ्या लहान डब्यात ठेवता येतो. काही साधनांत त्याला ‘कॉपी’ असा पर्याय असतो. ते काम झटपट होतं, आकार वाढत नाही आणि कणभरही झीज होत नाही.

ऑनलाइन करताना

अशी संकेतस्थळं दोन प्रकारची असतात. एका प्रकारात तुमची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर जाते, तिथं रूपांतर होतं आणि परत येते. काही तासांत पुसून टाकू असं ते लिहितात. पुसलं की नाही हे बघायला आपण जात नाही. घरातला आवाज, कुणाचं आजारपणातलं बोलणं, वाटणीची चर्चा असलं काही असेल तर तिथं टाकू नका. दुसऱ्या प्रकारात सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, फाइल घराबाहेर जात नाही. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. पान पूर्ण उघडल्यावर नेट बंद करा आणि मग रूपांतर करून बघा. झालं तर ते बहुधा दुसऱ्या प्रकारचं.

आणि ‘आधी हे अ‍ॅप उतरवा’ म्हटलं की तिथून उठा. अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानं मार्च 2025मध्ये जाहीर इशारा दिला होता, की मोफत रूपांतराच्या नावाखाली काही ठिकाणी घातक प्रोग्रॅम संगणकात घातले जातात. त्यापेक्षा व्हीएलसी किंवा ऑडॅसिटी त्यांच्या अधिकृत पानावरून घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि तुमच्याच संगणकावर चालतात. फाइलच्या पोटात काय आहे ते बघायला मीडियाइन्फो नावाचं साधन आहे. रूपांतराच्या आधी ते बघा. आत 48,000 असेल तर 48,000च ठेवा, आवाज एकेरी असेल तर एकेरीच ठेवा. आकडा वाढवणं म्हणजे पुन्हा वरणात पाणी.

मूळ कुठं आहे?

नातीनं पाण्याचं उदाहरण दिल्यावर एक प्रश्न विचारला. “आजोबा, ही व्हॉट्सअ‍ॅपची प्रत आहे. मूळ कुठं आहे?” व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो पुन्हा आवळला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. आमची प्रत किती हातांतून आवळली गेली होती देव जाणे.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, तो मोबाइल कधीच भंगारात गेला.” पण आठ दिवसांनी त्याचाच फोन आला. सुईदोऱ्याच्या डब्यात जुनं मेमरी कार्ड सापडलं होतं. त्यात 2008ची मूळ थ्रीजीपी फाइल होती.

मीडियाइन्फोत बघितलं. आवाज ‘एएमआर’ स्वरूपात, सेकंदाला 8,000 मोजमापं, 12.2 किलोबिटचा वेग. हे स्वरूप मोबाइलवरच्या बोलण्यासाठी बनवलेलं. चार मिनिटांचा आवाज जेमतेम साडेतीनशे केबी! म्हणजे सेकंदाला 4,000च्या वरची कंपनं त्यात मुळातच आली नाहीत. ‘स’चा सळसळाट त्याच्यावर बराच असतो, तो गेला. बांगड्यांची किणकिण अर्धी गेली. शिवाय हे स्वरूप माणसाचा गळा गृहीत धरून आवाज साठवतं, म्हणून जात्याच्या घरघरीचं त्यात काहीतरी भलतंच झालं होतं. तो आवाज कोणताही कन्व्हर्टर मला देणार नाही.

तरीसुद्धा ही मूळ फाइल माझ्या 46 एमबीच्या फाइलपेक्षा स्पष्ट निघाली. एका ओवीच्या शेवटी आई एक शब्द म्हणते. तो मला वर्षानुवर्षं ‘जालना’ असा ऐकू येत होता. मी इथं नोकरीला होतो, तेव्हा लेकाच्या गावाचं नाव आई ओवीत घेते म्हणून मनातून सुखावलो होतो. मूळ फाइलमध्ये तो शब्द ‘पाळणा’ वाटला. आता हे माझं वाटणं. पुरावा काय? जात्यापाशी समोर बसलेली मावशी आहे. ती चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला ऐकवलं. ती हसायलाच लागली. “पाळणाच की रे. हळदीला बसल्यावर कुणी जालन्याचं गाणं म्हणतं का?” (हशा)

आईचा आवाज लॉसलेस केल्यानं मला जे मिळालं नाही, ते मूळ शोधल्यानं मिळालं, आणि त्याची खात्री एका जिवंत माणसानं दिली. हा क्रम लक्षात ठेवा. आधी मूळ शोधा, मग रूपांतर.

जपण्याच्या दोन परंपरा

झीज न होता आवाज पुढच्या पिढीकडं देणं ही चिंता संगणकाच्या आधीची आहे. वेदपठणात पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असतात. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असे शब्द उलटसुलट म्हणतात. एक अक्षर चुकलं की सांधा जुळत नाही, चूक लगेच पकडली जाते. फ्लॅक फाइलमध्येही मूळ आकड्यांची एक खूण साठवलेली असते. उलगडल्यावर ती ताडून बघता येते, जुळली नाही तर समजायचं कुठंतरी बिघाड आहे. कल्पना तीच. मात्र त्या पाठशाळांचं दार सगळ्यांसाठी उघडं नव्हतं, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

ज्यांच्यासाठी ते उघडं नव्हतं, त्या बायकांनी जात्यावर दुसरी परंपरा चालवली. तिथं ताडून बघायची खूण नाही. प्रत्येक बाई ओवीत आपलं माहेर, आपला भाऊ, आपलं दुःख घालते. ओवी बदलते म्हणून जगते. पण गिरणी आली, जातं थांबलं, आणि गाण्याची जागाच गेली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या साथींना घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. ते आधी गुडगावच्या संग्रहालयात आणि नंतर फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सच्या भांडारात ठेवलं गेलं. 2017पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या ओव्या सर्वांसमोर आणत आहे. ओवी लिहून घेतली की शब्द उरतात. गळा, श्वास, जात्याचा वेग जातो. लिहिणं हीसुद्धा गाळण्याचीच रीत आहे. आज मी इथं किती वेळा अडखळलो ते शब्दांकन वाचणाऱ्याला कळणार नाही, त्याबद्दल शब्दांकन करणाऱ्यांचे आभार. (हशा)

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सर, यूट्यूबवरचं कीर्तन फ्लॅकमध्ये उतरवलं तर दर्जा वाढेल का?*

नाही. तिथं मिळणारा आवाज एएसी किंवा ओपस, म्हणजे गाळलेला असतो. दर्जा हवा असेल तर कीर्तनकार महाराजांना भेटा, मूळ ध्वनिमुद्रण मागा. परवानगीही तिथंच मिळेल.

*प्रश्न : आमच्या लग्नाच्या जुन्या कॅसेट आहेत. त्यांचं काय करावं?*

कॅसेट कोणती ते बघा. लहान ‘मिनी डीव्ही’ असेल तर तिच्यातला आवाज न आवळलेला आहे. तिच्यावरून पुढं जी व्हीसीडी करून दिली, तिच्यात तो आवळलेला आहे. म्हणून सीडी मिळाली म्हणून कॅसेट फेकू नका. मोठी व्हीएचएस किंवा साधी गाण्याची कॅसेट असेल तर तिचा आवाज घेताना थेट वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये घ्या. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान 48,000 मोजमापं आणि 24 बिट सुचवते. इथं लॉसलेस खरोखर कामाला येतं, कारण इथं आपण पहिली प्रत करतो आहोत.

*प्रश्न : फ्लॅक म्हणून दिलेली फाइल खरी की एमपी3वरून फुगवलेली, कसं ओळखायचं?*

ऑडॅसिटीत ‘स्पेक्ट्रोग्राम’ बघा. सेकंदाला 16,000 कंपनांच्या आसपास चित्र सुरीनं कापल्यासारखं दिसलं तर संशय घ्या. पण नुसता संशयच. जुन्या माइकवर किंवा कॅसेटवरही वरचा भाग नसतो. धूर दिसला म्हणून अग्नीचं अनुमान करावं, पण तो धूरच आहे की धुकं, हे आधी बघावं.

*प्रश्न : आईच्या त्या फाइलचं शेवटी काय केलंत?*

मूळ थ्रीजीपी आहे तशीच ठेवली, तीन ठिकाणी. एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक भाच्याकडं. तिच्यावरून 8,000चीच, एकेरी फ्लॅक प्रत काढली आणि तिच्यावर खरखर कमी करायचं काम केलं. 46 एमबीवाली पुसून टाकली.

आणि दुसरं एक केलं. मावशीकडं गेलो. पंखा बंद केला, दारं लावली, तिच्यापासून हातभर अंतरावर पाटावर घडी घातलेली गोधडी ठेवली, तिच्यावर फोन. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये सर्वांत वरचा दर्जा निवडला. काही फोनमध्ये तिथं ‘वेव्ह’ किंवा ‘लॉसलेस’ असं लिहिलेलंच असतं, ते एकदा उघडून बघा. मावशी म्हणाली, “जातं नाही तर ओवी कशी आठवेल?” मग माळ्यावरून जातं काढलं. वरची तळी उचलताना माझी कंबर धरली, पण मावशीनं खुंट्याला हात घातला आणि पाऊण तास थांबली नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर कन्व्हर्टर नंतर शोधा. या आठवड्यात त्यांच्यापाशी जाऊन बसा.